मृगाचा खेकडा : नाल्यापासून रश्श्यापर्यंत

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव 'बंजारा समाजाची काशी' म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर यांमुळे रामनवमीला येथे दूरदूरच्या राज्यांतून भाविक येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. मात्र चैत्रात येणाऱ्या भाविकाला या परिसराचे एक रूप पाहायला मिळत नाही. त्या दिवसांत नाले ठणठणीत कोरडे असतात, काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि खेकडा औषधालाही दिसत नाही. तो असतो तो पायाखालीच! नाल्याच्या काठाशी ओलाव्याचा माग घेत खोल नेलेल्या बिळात, तोंडाशी मातीचे बूच लावून तो उन्हाळा काढत असतो.

मृगाच्या सरी कोसळल्या की चित्र बदलते. बिळांची बुचे फुटतात, धुऱ्याबांधांवर ओल्या मातीच्या गोळ्यांचे ढीग दिसू लागतात आणि संध्याकाळनंतर शेतातून, पांदणीतून, नाल्याच्या दगडांतून खेकडे बाहेर पडतात. समुद्रापासून कित्येक कोस दूर असलेल्या वऱ्हाडात 'खेकडे खाणे' म्हणजे हेच. शहरातील वाचकाला खेकडा म्हटला की मालवण, अलिबाग किंवा गोवा आठवते. पण महाराष्ट्राच्या अंतर्भागातील असंख्य गावांत, वाड्यांत आणि तांड्यांवर पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात चुलीवर चढणारा खेकडा गोड्या पाण्यातला असतो. तो कोणी विकत आणत नाही.

या 'विकत न आणण्याला' मोठा अर्थ आहे. जून-जुलै हा कोरडवाहू मुलखात हात आखडण्याचा काळ. घरातला पैसा बियाणे आणि खतात गेलेला असतो, मागच्या वर्षीचे धान्य तळाला लागलेले असते, परसातल्या वेलाला अजून भाजी धरलेली नसते. ऊसतोडीसाठी किंवा बांधकामाच्या कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे नुकतीच परतलेली असतात. अशा वेळी तरोटा, कुंजरा यांसारख्या रानभाज्या आणि नाल्यातला खेकडा हे दोनच जिन्नस फुकट मिळतात. त्यातही प्रथिने देणारा एकच. आठवड्यातून दोनदा घरातल्या मुलांच्या ताटात रस्सा पडतो तो या खेकड्यामुळे. म्हणूनच नाल्यातला खेकडा कमी होणे ही केवळ खवय्यांची तक्रार ठरत नाही.

हा खेकडा कोणता?

दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणाऱ्या बिळकरी खेकड्याचे शास्त्रीय नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. मुंबई इलाख्यात दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी येथील जमिनीवर वावरणाऱ्या खेकड्यांची नोंद केली आणि 1836 मध्ये वेस्टवूड या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. 'क्युनिक्युलॅरिस' या लॅटिन शब्दाचा संबंध सशाशी आणि त्याच्या बिळाशी आहे. सशासारखी बिळे करणारा म्हणून हे नाव. त्याचाच जवळचा भाऊबंद बॅरिटेल्फुसा गुएरिनी हाही महाराष्ट्रात मिळतो. पाठ तपकिरी किंवा जांभळट, नांग्या फिकट, आणि नराची एक नांगी दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी, ही सहज दिसणारी लक्षणे.

पश्चिम घाटात तर खेकड्यांच्या जातींची अजून मोजदादच चालू आहे. 2016 मध्ये समीर कुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जातींची नोंद केली. त्यांतील काही इतक्या रंगीत आहेत की त्या इतकी वर्षे कोणाच्या नजरेस कशा पडल्या नाहीत याचे नवल वाटावे. स्थानिक आदिवासींच्या नजरेस त्या अर्थातच पडल्या होत्या. नोंद तेवढी झाली नव्हती.

नावांचाही एक गमतीदार पसारा आहे. कोकणात समुद्राचा आणि खाडीचा खेकडा म्हणजे चिंबोरी, मालवणीत कुर्ली, तर भातशेतीतला लहान खेकडा रायगड-ठाण्याकडे मुठा. देशावर आणि विदर्भात सगळ्यांना मिळून एकच शब्द, खेकडा. संस्कृतातील कर्कटापासून तो आला आणि त्याच कुळातून कर्क रास आणि कर्करोगही आले. शहरात मात्र खेकडा या शब्दाचा सर्वाधिक खप पावसाळी सहलीत, कांद्याच्या भज्यांच्या रूपाने होतो. खेकड्याला हात लावण्याची ज्यांची छाती होत नाही, तेही 'खेकडा भजी' दोन प्लेट मागवतात!

पकडण्याची रीत

खेकडा निशाचर आहे. दिवसा तो बिळात किंवा दगडाखाली असतो आणि अंधार पडल्यावर चरायला निघतो. त्यामुळे पकडण्याच्या दोन वेळा आणि दोन रीती. रात्री बॅटरीच्या उजेडात बांधावरून फिरायचे. उजेड डोळ्यांवर पडला की खेकडा क्षणभर जागीच थबकतो. तेवढ्यात काठीने त्याची पाठ हलकेच दाबायची आणि मागच्या बाजूने, शेवटच्या पायांच्या मुळाशी, अंगठा व बोटाच्या चिमटीत उचलायचा. तेथवर त्याची नांगी पोहोचत नाही. पुढून किंवा बाजूने हात घातला की बोट गेलेच म्हणून समजावे. नांगीत अडकलेले बोट हिसकून घेऊ नये, अशी जुनी शिकवण आहे. खेकडा जमिनीवर किंवा पाण्यात टेकवला की तो पळून जाण्यासाठी आपणहून पकड सोडतो.

दिवसा दगड उलटवून किंवा बिळातून खेकडा काढतात. बीळ ओळखणे ही खरी विद्या. तोंडाशी ताज्या, ओल्या मातीच्या गोळ्या आणि नखांचे ओरखडे असतील तर मालक घरात आहे. कोळ्याचे जाळे किंवा वाळका पाला दिसला तर बीळ ओस आहे, किंवा त्यात दुसरेच कोणी राहायला आले आहे. दुसरे कोणी म्हणजे बहुधा विंचू किंवा साप. पावसाळ्यात साप आयत्या बिळांचा आसरा घेतात. त्यामुळे बिळात थेट हात घालण्याचे धाडस जाणते लोक करीत नाहीत. आधी काठी घालून पाहतात. लोखंडी तारेचा आकडा वापरून खेकडा ओढून काढण्याचीही पद्धत आहे, पण त्यात कवच फुटते आणि फुटलेला खेकडा घरी पोहोचेपर्यंत मरतो. त्यापेक्षा सुतळीला गांडूळ किंवा कोंबडीचे आतडे बांधून ते बिळाच्या तोंडाशी हलवत राहणे चांगले. खेकडा आमिष धरतो आणि लोभापायी सोडत नाही. सुतळी सावकाश ओढत आणली की तो तोंडाशी येतो. घाई केली तर आत जातो, मग त्या दिवशी पुन्हा येत नाही. वाहत्या नाल्यात बांबूच्या कामट्यांचे निमुळत्या तोंडाचे सापळेही लावतात. खेकडा आत शिरतो, पण कामट्यांची टोके आतल्या बाजूला वळलेली असल्याने त्याला परत फिरता येत नाही.

पकडलेले खेकडे पाण्याच्या बादलीत ठेवण्याची चूक शहरी हौशी मंडळी हमखास करतात. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपला की खेकडे गुदमरून मरतात. ओले पोते किंवा ओल्या पाल्याने झाकलेली टोपली हीच योग्य जागा. कल्ले ओले राहिले की खेकडा हवेवर एक-दोन दिवस सहज तग धरतो. टोपलीला झाकण लागते, हेही येथेच सांगायला हवे. मराठी माणसांच्या खेकडावृत्तीची, एक वर चढू लागला की दुसरा पाय ओढतो म्हणून झाकणाची गरज नसते ही कथा भाषणांत फार चालते. प्रत्यक्षात उघड्या टोपलीतले खेकडे सकाळपर्यंत घरभर झालेले असतात.

आणखी एक सावधगिरी. वऱ्हाडातले नाले लहान पाणलोटाचे. वर पाऊस पडला की खाली काही मिनिटांत लोंढा येतो. आभाळ गडगडत असताना रात्री नाल्यात उतरू नये.

पिलांची मादी

खेकडा उलटा केला की पोटाशी दुमडलेली एक पट्टी दिसते. ती अरुंद व त्रिकोणी असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. साधारणपणे उन्हाळ्याच्या अखेरीस मादी या पट्टीखाली अंडी धरते आणि पावसाच्या सुरुवातीला त्यांतून पिले बाहेर येतात. मृगात पकडलेल्या मादीची पट्टी उघडली तर आत तांदळाच्या दाण्याएवढी, पण पाय-नांग्यांसह पूर्ण घडलेली पिले एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. पिले आईचे पोट खाऊन बाहेर पडतात आणि आई मरते, असा समज गावोगाव आहे. तो खरा नाही. काही दिवस ती आईच्या पोटाला धरून राहतात आणि मग ओल्या जमिनीवर किंवा उथळ पाण्यात आपापली उतरतात.

येथेच गोड्या पाण्याच्या खेकड्याचे आणि समुद्राच्या खेकड्याचे नशीब वेगळे होते. खाडीतल्या काळ्या चिंबोरीची एक मादी दहा लाखांहून अधिक अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म अळ्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर पसरतात. एका खाडीतल्या चिंबोऱ्या कमी झाल्या तरी दुसरीकडून आलेल्या अळ्या तेथे रुजू शकतात. नाल्यातल्या खेकड्याला ही सोय नाही. त्याची अळी अवस्था अंड्यातच पार पडते. अंडी मोठी, पण संख्या शेकड्यांत मोजण्याइतकी. पिले जातील तितकी दूर जातात, म्हणजे फार तर त्याच नाल्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला. एखाद्या नाल्यातला खेकडा पुरता संपला तर शेजारच्या खोऱ्यातून तो चालत येईल याची खात्री नसते.

म्हणूनच मृगातल्या एका पिलाळू मादीचे मोल आश्विनातल्या दहा नरांहून अधिक आहे. जुन्या लोकांत पिलांची मादी दिसली की परत सोडण्याची रीत होती. कोणी त्याला पाप-पुण्याचे कारण देत, कोणी अशा मादीला चव नसते असे सांगत. दुसरे कारण चुकीचे नाही. अंडी आणि पिले वाढवण्यात तिच्या अंगातील चरबी खर्ची पडलेली असते आणि रश्श्यात तिचा काही उपयोग होत नाही. मागणी घरापुरती होती तोवर ही रीत टिकली. आता महामार्गावरील ढाब्यांपासून शहरातील बाजारापर्यंत किलोच्या भावाने खेकडे उचलले जातात. तेथे पट्टी उघडून पाहायला कोणाला वेळ नाही.

खायला उत्तम खेकडा पोळ्यानंतरचा. तीन महिने चरून तो अंगाने भरलेला असतो. श्रावण संपलेला असतो, पिले सुटी झालेली असतात आणि नाल्याचे पाणी निवळलेले असते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात मात्र कोणत्याही ऋतूत खेकडे पकडण्यास मनाई आहे.

भरलेला आणि पोकळ

अमावस्येला खेकडा भरलेला असतो आणि पौर्णिमेला पोकळ, ही समजूत कोकण किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत पक्की आहे. चंद्रापेक्षा हा प्रश्न कातीचा आहे. खेकड्याचे कवच वाढत नाही. अंग वाढले की त्याला जुने कवच टाकून नवे घ्यावे लागते. कात टाकल्यावर अंगात पाणी भरून नवे, मऊ कवच ताणले जाते आणि मांस हळूहळू मागाहून भरते. या काळात हाती आलेला खेकडा आकाराने मोठा पण शिजवल्यावर पाणचट निघतो. बाजारात पारख करायची असेल तर तिथी पाहण्यापेक्षा खेकडा हातात तोलून पाहावा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. पोटाकडची बाजू, पायांच्या मुळाशी, अंगठ्याने दाबून पाहावी. दबली तर पोकळ, दगडासारखी लागली तर भरलेला. पाठ अगदी नवी, चकचकीत असेल तर सोडून द्यावा. जुने, खरबरीत, डाग पडलेले कवच हेच चांगल्या खेकड्याचे लक्षण.

साफ करणे

मेलेला खेकडा शिजवू नये, हा नियम अपवादाविना पाळावा. खेकड्याच्या अंगातील पाचक रस मृत्यूनंतर लगेच मांस विरघळवू लागतात आणि जंतूही झपाट्याने वाढतात. जिवंत खेकडा अर्धा तास बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवला की सुन्न होतो. मग हाताळणे सोपे जाते आणि त्याची तडफडही टळते. त्यानंतर नांग्या आणि पाय मुळापासून पिळून वेगळे करावेत. पोटावरची पट्टी ओढून काढावी, मागच्या बाजूने अंगठा घालून पाठीचे कवच उचलावे. आत दोन्ही बाजूंना करड्या, पिसासारख्या कल्ल्यांच्या ओळी असतात, त्या खरवडून टाकाव्यात. तोंडामागची लहान पिशवी म्हणजे जठर, त्यात चिखल असतो, तीही काढावी. कवचाच्या कोपऱ्यातला पिवळा-नारिंगी ऐवज मात्र फेकू नये. किनाऱ्यावर मादीच्या अशा लालसर भरणीला 'लाख' म्हणतात आणि लाखेने भरलेल्या चिंबोरीला बाजारात मान असतो. नाल्यातल्या खेकड्यात ती थोडी असते, पण रश्श्याला चव तिचीच येते. शेवटी धड मधोमध दोन तुकडे करून स्वच्छ पाण्यातून काढावे. फार धुऊ नये.

वऱ्हाडी रस्सा

गोड्या पाण्याच्या खेकड्यात मांस थोडे आणि कवच फार. किनाऱ्यावरच्या चिंबोरीसारखे नांगी फोडून मांसाचा लोंबता तुकडा काढण्याचे सुख यात नाही. म्हणून अंतर्भागातली पाककृती मांसाभोवती नव्हे, रसाभोवती रचलेली आहे. बारीक पाय खलबत्त्यात किंवा पाट्यावर थोड्या पाण्यासोबत ठेचायचे, ते पाणी फडक्यातून पिळून गाळायचे, पुन्हा पाणी घालून पुन्हा ठेचायचे. हे राखाडी, गढूळ पाणी दिसायला वाईट असते; पण उकळी आली की त्यातील प्रथिने गोठतात आणि रश्श्याला दाटपणा व गोडी येते. मिक्सरवर हे काम मिनिटात होते, मात्र कवचाचा चुरा गाळण्यातून सुटणार नाही याची काळजी दुहेरी फडके घेऊन करावी लागते.

साधारण एक किलो, म्हणजे मध्यम आकाराचे बारा-पंधरा खेकडे चार-पाच जणांना पुरतात. मसाल्यासाठी दोन मोठे कांदे आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी थेट निखाऱ्यावर, काळे डाग पडेपर्यंत भाजावी. गॅसवर जाळी ठेवूनही हे जमते. त्यात धने, थोडी खसखस, दोन-तीन लवंगा, मिरे, दालचिनीचा तुकडा आणि दगडफूल कोरडेच भाजून घालावे. लसणाचा अख्खा कांदा, बोटभर आले आणि कोथिंबीर यांसह सर्व एकत्र बारीक वाटावे. पाट्यावर वाटलेल्या मसाल्याची चव वेगळी, हे सांगण्याची आता रीतच झाली आहे. येथे ते खरेही आहे, कारण वाटणात राहिलेला रवाळपणा रश्श्यात विरत नाही आणि तवंग वर येतो.

पातेल्यात तेल सढळ हाताने घ्यावे. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, हळद आणि लाल तिखट घालावे, मग नांग्या आणि धडाचे तुकडे टाकून झाकण ठेवावे. कवच लाल झाले की गाळलेला रस आणि गरम पाणी घालावे. कवचाचा रंग बदलणे ही काही जादू नव्हे. लाल रंगद्रव्य मुळातच असते, ते प्रथिनांना बांधलेले असल्यामुळे झाकलेले राहते. उष्णतेने प्रथिनांची पकड सुटते. रस्सा पातळ वाटला तर भाजलेल्या ज्वारीचे किंवा फुटाण्याच्या डाळीचे दोन चमचे पीठ पाण्यात कालवून लावतात. उकळी फुटल्यावर मंद आचेवर किमान वीस मिनिटे शिजू द्यावे. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. नागपूरकडच्या सावजी पद्धतीत याच रश्श्याचे तिखट आणि गरम मसाला दुप्पट होतो. तो आवडीचा भाग आहे, पण नाल्यातल्या खेकड्याची मुळातली नाजूक गोडी त्यात हरवते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मीठ शेवटी घालावे, तेही बेताने, कारण रस आटत जातो. या मिठाचा पोहरादेवीशी जुना संबंध आहे. रेल्वे येण्यापूर्वी किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून अंतर्भागात पोहोचवण्याचे आणि परतताना धान्य नेण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत. 'लमाण' या शब्दाचे मूळ 'लवण' या शब्दात सांगितले जाते. 1853 नंतर लोहमार्गांचे जाळे पसरत गेले आणि हा व्यापार मोडला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांच्या हालचालींवर पहारा बसवला. मुलूखभर फिरणारे तांडे जागोजागी स्थिरावले आणि मजुरी व कोरडवाहू शेतीच्या आधाराने राहू लागले. एके काळी समुद्राचे मीठ वऱ्हाडात आणणाऱ्यांच्या ताटात खेकडा मात्र नाल्यातलाच राहिला.

किनाऱ्यावरचा आणि बाजारातला

मुंबई-पुण्याच्या बाजारात मिळणारे बहुतेक खेकडे तीन प्रकारचे असतात. खाडीच्या चिखलातली काळसर, जड, दोरीने नांग्या बांधलेली चिंबोरी सर्वांत महाग आणि सर्वांत मांसल. तिची मत्स्यशेती आता खारफुटीच्या आधाराने सिंधुदुर्गासह कोकणात केली जाते. पाठीवर तीन लाल ठिपके असलेला आणि निळसर रंगाचा हे दोन्ही समुद्रातले पोहणारे खेकडे. त्यांचे कवच पातळ, मांस गोडसर, पण ते बहुधा बर्फात मेलेलेच येतात. कोळी मसाल्यातले चिंबोरीचे कालवण, मालवणी वाटणातल्या कुर्ल्या, पाठीत बेसनाचे सारण भरून दोऱ्याने बांधलेल्या चिंबोऱ्या, गोव्याचे शेक-शेक हे सगळे या खेकड्यांसाठी जमलेले पदार्थ. ओले खोबरे आणि कोकम यांची जोडी नाल्यातल्या खेकड्याला फारशी मानवत नाही.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत ठाणे-पालघरच्या रस्त्यांवर आदिवासी महिला गोड्या पाण्याचे खेकडे दोरीत ओवून विकायला बसतात. ते घेताना पट्टी उघडून पाहण्यास हरकत नसते. पिलांची मादी नको म्हणून सांगितले तर विक्रेती समजून घेते.

पूर्ण शिजवणे का आवश्यक

गोड्या पाण्यातील खेकडा अर्धकच्चा खाणे धोक्याचे आहे. फुफ्फुसात राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या गोगलगाईतून खेकड्यात आणि खेकड्यातून माणसात येतात. या रोगात दीर्घकाळ खोकला राहतो आणि थुंकीतून रक्त पडते. त्यामुळे तो क्षयरोग समजला जाऊन रुग्णाला महिनोन्महिने चुकीची औषधे दिली जातात. मणिपूर, नागालँड या राज्यांत हा रोग परिचित आहे. योग्य निदान झाल्यास प्राझिक्वांटेल या औषधाने तो बरा होतो. शेतातल्या शेकोटीवर नांग्या नुसत्या शेकून मुलांना देण्याची सवय म्हणूनच टाळावी. मिठात किंवा लिंबात मुरवल्याने अळ्या खात्रीने मरत नाहीत. कच्चे खेकडे कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये. सर्दी-खोकल्यावर खेकड्याचा रस्सा उतारा म्हणून देतात. गरम, तिखट रश्श्याने नाक मोकळे होते, त्यापलीकडे औषधी गुणाचा दावा करता येत नाही. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांना खेकडाही बहुधा बाधतो.

पाण्यातले विष

खेकड्यावर आरोप मात्र लवकर होतात. 2 जुलै 2019 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून अनेकांचे प्राण गेले. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि संतापलेल्या आंदोलकांनी खेकडेच पोलीस ठाण्यात नेऊन त्यांना अटक करण्याची उपरोधिक मागणी केली. खेकड्याच्या बिळांनी भातखाचराचे बांध गळतात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. धरणाच्या दुरुस्तीचा हिशेब मात्र त्याच्याकडून मागता येत नाही.

उलट हिशेब कोणी मांडत नाही. वाशीम हा आज सोयाबीन, तूर आणि कपाशीचा जिल्हा आहे आणि या पिकांवर ऐन पावसाळ्यात कीटकनाशके फवारली जातात. खेकडा कीटकांचाच दूरचा नातलग, दोघेही संधिपाद. जे औषध अळी मारते ते खेकड्यालाही मारते. सायपरमेथ्रीनच्या गटातील औषधे पाण्यात अत्यल्प प्रमाणात गेली तरी कवचधारी जलचरांना घातक ठरतात. नोव्हॅल्युरॉनसारखी औषधे तर कायटिन तयार होऊ देत नाहीत. अळीची कात त्याच कायटिनची, खेकड्याचे कवचही त्याचेच. फवारणीनंतर सर आली की शेतातले पाणी धुऱ्यावरून नाल्यात उतरते, नेमके त्याच आठवड्यांत जेव्हा पिले आईपासून सुटी होत असतात. लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसांची ही गत होत असेल तर नाल्यातल्या जिवांचे काय, असे तेव्हा कोणी विचारले नाही, आणि त्या दुःखात ते साहजिकही होते.

2009 मध्ये जगभरातील सुमारे 1,280 गोड्या पाण्याच्या खेकडा जातींचा आढावा घेण्यात आला. त्यात सुमारे एक षष्ठांश जाती धोक्यात असल्याचे आढळले. जवळपास निम्म्या जातींबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच हाती नव्हती. दख्खनचा बिळकरी खेकडा दुर्मीळ नाही. पण जात टिकून असली तरी एखाद्या गावाच्या नाल्यातून ती नाहीशी होऊ शकते आणि ताटाचा प्रश्न गावाच्या नाल्याशी बांधलेला असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे एका रात्रीत मोठी पकड मिळावी म्हणून डोहात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर ओतणे. सकाळी मासे आणि खेकडे एकत्रच वर येतात, पिले तळाशीच मरतात, आणि तोच माल बाजारात जातो. उन्हाळ्यात किंवा सुरुवातीच्या पावसात एकाच ठिकाणी ढिगाने मेलेले किंवा लुळे पडलेले खेकडे दिसले तर ते खाऊ नयेत आणि गुरांनाही त्या पाण्यावर नेऊ नये. शिजवल्याने कीटकनाशक निघून जात नाही. पाण्यात विष कालवून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या कायद्यात 'मासे' या शब्दाच्या व्याख्येत कवचधारी जलचरही समाविष्ट आहेत, म्हणजे खेकडाही.